अधिक-उणे किती? खगोलभौतिकी करू पाहणाऱ्या मुलीच्या वडिलांना

ठाण्याच्या एका वडिलांनी विचारलंय: मुलगी अकरावी सायन्सला आहे, खगोलभौतिकी करायचं म्हणते. हा माणूस दिवसभर नेमकं करतो काय? मुंबईत राहून ते जमतं का? पोट भरतं का? आणि शेवटी, जरा बिचकत: ‘तुम्ही स्वतः संशोधन सोडून शाळांमधून आणि व्याख्यानमालांमधून फिरता असं ऐकलं. म्हणजे त्या क्षेत्रात पुढे काही राहत नाही, असं समजायचं का?’

शेवटच्यापासून सुरुवात करते, कारण खरा प्रश्न तोच आहे. संशोधन सोडलेलं नाही. पंचवीसेक वर्षं पल्सारवर, मराठीत स्पंदकांवर, म्हणजे गरगर फिरत ठरावीक वेळाने रेडिओ लहरींचा ठोका पाठवणाऱ्या मृत ताऱ्यांवर, काम करते आहे आणि गेल्याच आठवड्यात एका पेपरच्या परीक्षकाला साडेतीन पानी उत्तर पाठवलंय. पण आठवड्यातले दोन दिवस शाळांचे आणि शिक्षकांचे, आणि शनिवार-रविवारपैकी एक संध्याकाळ कुठल्यातरी सभागृहाची, असा हिशोब आता बसला आहे. बाहेरून हे तीन वेगळे उद्योग दिसतात. मला त्या एकाच कामाच्या तीन पाळ्या वाटतात. काम असं, की आपल्याला काय माहीत आहे ते सांगायचं आणि त्याच दमात ‘अधिक-उणे किती’, म्हणजे ते कितीने चुकलेलं असू शकतं, हेही सांगायचं. आमच्याकडे कुठलाही आकडा एकटा फिरत नाही, त्याच्यामागे अधिक-उणेचं शेपूट असतंच. शेपूट नसलेला आकडा घेऊन विद्यार्थी आला की मी कागद परत करते.

आता दिवसभर काय करतो ते. दुर्बिणीला डोळा लावून बसत नाही, हे आधी सांगून टाकते. माझ्या मावशीला अजून तसंच वाटतं. आम्ही कॉम्प्युटरसमोर बसतो. पायथनमध्ये कोड लिहितो, तो का चालत नाही म्हणून वैतागतो, मग कळतं की एक कंस राहिला होता. मी वापरते ती दुर्बीण, जीएमआरटी, रेडिओ लहरी टिपणारी आहे आणि नारायणगावजवळ खोडदला आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १४ मध्यभागी दाटीवाटीने, बाकीच्या १६ तीन दिशांना पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात. ती वापरायची तर वर्षातून दोनदा अर्ज मागवतात, त्यात आपल्याला काय बघायचंय, का, आणि तितकेच तास का लागतील हे पटवून द्यावं लागतं. चाळीस तास मागावेत आणि अठरा मिळावेत, हा माझा नेहमीचा अनुभव. त्या अठरा तासांतून जो डेटा येतो तो साफ करण्यात महिने जातात, कारण आकाशातला आवाज अतिशय क्षीण आणि आपला गोंगाट प्रचंड. मोबाइलचे टॉवर, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, वरून जाणारे उपग्रह, सगळे मध्ये बोलत असतात.

माझा पहिला ‘शोध’ याच गोंगाटातला. पीएचडीचं दुसरं वर्ष. रात्रभर प्रोग्राम चालवून सकाळी बघितलं तर पडद्यावर सरळ, सुंदर शिखर: दर २० मिलिसेकंदांनी एक ठोका. इतक्या वेगाने फिरणारा नवा स्पंदक! चार दिवस मी कुणाला बोलले नाही, फक्त डोंबिवलीला आईला फोन करून सांगून ठेवलं. पाचव्या दिवशी सरांकडे गेले. त्यांनी आलेख बघितला, चष्मा काढला आणि विचारलं, ‘आपल्या घरातल्या विजेची फ्रिक्वेन्सी किती?’ पन्नास, मी म्हटलं. ‘मग एक आवर्तन किती वेळात होतं?’ हजार भागिले पन्नास. वीस मिलिसेकंद. मी भिंतीतल्या प्लगचा शोध लावला होता. सर हसले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘डीएम बघितला असतास तर चार दिवस वाचले असते.’

हा डीएम काय, ते मुलीला समजेल आणि तुम्हालाही, कारण तुम्ही मध्य रेल्वेवर राहता. समजा दादरहून एक फास्ट आणि एक स्लो लोकल एकाच क्षणी सुटल्या. ठाण्याला दोघींत काही मिनिटांचं अंतर पडेल, कल्याणला त्याहून जास्त. तुम्ही फलाटावर उभे राहून नुसता तो फरक मोजलात, तर मध्ये किती स्टेशनं लागली याचा अंदाज बांधता येईल. स्पंदकाचा ठोका निघतो तेव्हा सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदमच निघतात. वाटेत ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत मोकळे इलेक्ट्रॉन असतात आणि ते कमी फ्रिक्वेन्सीला जास्त अडवतात. वाटेतल्या एकूण इलेक्ट्रॉनांचं माप म्हणजे डीएम, डिस्पर्शन मेजर. तो ५० असेल तर १४०० मेगाहर्ट्झचा ठोका सुमारे एक दशांश सेकंद उशिरा पोचतो आणि ४०० मेगाहर्ट्झचा जवळपास १.३ सेकंद. भिंतीतली वीज मात्र सगळ्या फ्रिक्वेन्सींवर एकाच क्षणी ठोका देते. तिच्या वाटेत एकही स्टेशन नाही. डीएम शून्य. आकाशातलं आहे की घरातलं, हे ओळखायची ही पहिली खूण, आणि उत्साहाच्या भरात मी तीच बघितली नव्हती. (डीएमवरून अंतरही काढतात, पण त्यासाठी मधली गर्दी किती दाट आहे ते गृहीत धरावं लागतं, त्यामुळे ते अंतर वीस-तीस टक्क्यांनी सहज चुकतं. मी ते छातीठोकपणे कधीच सांगत नाही.)

म्हणजे पाच-सहा वर्षांत माणूस शिकतो काय, तर स्वतःवर संशय घ्यायला. जून २०२३ मध्ये जगभरच्या गटांनी एकाच वेळी जाहीर केलं, की स्पंदकांच्या ठोक्यांतल्या अतिसूक्ष्म फरकांवरून अतिशय संथ गुरुत्वीय लहरींचा पुरावा मिळतो आहे. त्यात खोडदचा डेटा होता. भारतीय आणि युरोपीय गटांनी मिळून विश्लेषण केलं होतं. सगळ्यांनी शब्द वापरला तो ‘पुरावा’. ‘शोध’ म्हणायला पाच सिग्माची वेस, म्हणजे हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता जवळपास उरत नाही इतकी खात्री, ओलांडावी लागते असा आमचा रिवाज आहे, आणि कुणीच ती ओलांडली नव्हती. दुसऱ्या दिवशी एका वार्ताहराचा मला फोन आला: ‘मॅडम, शोध लागला असं लिहू ना?’ मी म्हटलं, पुरावा लिहा. ‘वाचकाला काय फरक पडतो?’ मी पंधरा मिनिटं फोनवर समजावलं. सकाळी बातमी आली, मथळ्यात ‘शोध’. मजकुरात मात्र ‘पुरावा’ होता. निम्मं यश.

मुंबईत राहून जमतं का? जमतं, पण या शहराने आपल्या आकाशवाल्यांना नेहमीच बाहेर ढकललं आहे. कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा उभारली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. पुढे शहरात विजेच्या ट्राम यायचं ठरलं. ट्रामच्या विजेने सुया थरथरतील म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला सुरू केलं आणि १९०६ मध्ये कुलाब्यातलं बंद झालं. ट्राम आल्या आणि गेल्याही, अलिबागची वेधशाळा अजून आहे. १९६५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) गोविंद स्वरूप यांच्या गटाने सूर्याच्या रेडिओ लहरी टिपायला ऑस्ट्रेलियातून आलेल्या सहा-सहा फुटी ३२ तबकड्या लावल्या, त्या कल्याणला. तेव्हाचं कल्याण! पुढची दुर्बीण त्यांनी निलगिरीत ऊटीला नेली आणि त्यानंतरची खोडदला.

कुलाब्याच्या त्या जुन्या नोंदींवर थोडं थांबते, कारण मला त्या फार प्रिय आहेत. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने सूर्यावर डोळे दिपवणारा स्फोट बघितला आणि दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं. कुलाब्यात त्या वेळी कुणीतरी उपकरणासमोर बसून डोळ्यांनी आकडे वाचत होतं आणि वहीत उतरवत होतं. क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळलं. असा आकडा समोर आल्यावर कुठल्याही कारकुनाला वाटेल की यंत्र बिघडलं. आपण तो खोडू, वरचा-खालचा बघून काहीतरी बरं लिहू. त्याने तसं केलं नाही. दिसलं ते लिहिलं. २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, त्या आकड्यांवरून भारतीय, अमेरिकी आणि ब्राझिलियन शास्त्रज्ञांनी त्या वादळाची ताकद काढली, आणि आज जगात सौर वादळांवरचं कुठलंही मोठं भाषण कुलाब्याच्या त्या आलेखाशिवाय पुरं होत नाही.

आजच्या मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर, कलिन्याला मूलभूत विज्ञानाचं केंद्र, पवईला आयआयटी, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. पवईची एक ०.७ मीटरची दुर्बीण लडाखमध्ये हानलेला बसवलेली आहे आणि ती आपणहून आकाश बघते. म्हणजे संशोधनासाठी मुंबईचं आकाश लागत नाही. डोक्यावरचं आकाश हवंच असेल तर थंडीतली अमावास्या गाठून वांगणीला जायचं. खगोल मंडळवाले कित्येक वर्षं लोकांना तिथे नेऊन मृग, कृत्तिका दाखवत आले आहेत. पावसाळ्याचे चार महिने तेही नाही.

आता शाळा. पूर्व उपनगरातल्या एका महापालिकेच्या शाळेत आम्ही दरवर्षी २२ डिसेंबरच्या आसपास गच्चीवर शंकू उभा करतो. शंकू म्हणजे एक मीटरची सरळ काठी, तळाला ओळंब्याने सरळ केलेली. मुलं दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची रेघ मारतात आणि टेपने लांबी मोजतात. दोन वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीचा तक्ता मी तपासत होते. दुपारी १२ ला ९१ सेंटिमीटर, नंतर १२.२० ला ९२, १२.४० ला ९१.५, एकला ९३. पहिला आकडा बसेना. कागद उजेडात धरला तर ९१च्या खाली रबराने खोडलेला ९५ दिसत होता.

‘हे का खोडलंस गं?’

‘मॅडम, पुस्तकात आहे, दुपारी बाराला सूर्य डोक्यावर असतो. मग बाराला सावली सगळ्यात छोटी पाहिजे ना. माझीच चुकली असेल.’

तिचा ९५ बरोबर होता. चुकीचं होतं ते बारा. आपली घड्याळं चालतात ८२.५ रेखांशावर, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर. मुंबई आहे ७२.८ वर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे सुमारे ३९ मिनिटांचा फरक. डिसेंबरच्या त्या आठवड्यात त्यातली एक-दोन मिनिटं पृथ्वीच्या लंबगोल कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे कमी होतात, त्यामुळे मुंबईत सूर्य माथ्यावर येतो १२ वाजून ३७ मिनिटांनी. ‘माथ्यावर’ हाही चुकीचा शब्द. डिसेंबरात तो दक्षिणेकडे चांगला साडेबेचाळीस अंश कललेला असतो, म्हणून तर मीटरभर काठीची सावली ९१-९२ सेंटिमीटर पडते. मी मुलांना सांगितलं, की देशभर एक वेळ ठरली १९०६ मध्ये, पण मुंबईने आपली जुनी वेळ हट्टाने पुढे कित्येक वर्षं, थेट १९५५ पर्यंत चालवली. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. तुमच्या सावल्यांनी आज तीच मुंबईची वेळ शोधून काढली. वर्ग एकदम गप्प झाला, मग एक मुलगा म्हणाला, ‘म्हणजे मधली सुट्टी उशिरा होणार?’

मग खरी गंमत आली. १२.३० ते १२.४५ मध्ये सावली इतकी कमी बदलते की खडूची रेघच तिच्यापेक्षा जाड असते. तर सर्वांत छोटी सावली नेमकी किती वाजता? कुणी १२.३०, कुणी १२.४०. भांडण. त्यांना जुनी युक्ती दाखवली: दुपारच्या आधी एका ठरावीक लांबीची सावली कधी पडली आणि दुपारनंतर पुन्हा तेवढीच कधी, या दोन वेळांचा मध्य काढायचा. तिथे सावली भराभर बदलत असते, म्हणून चूक कमी. सहा गटांचे सहा आकडे फळ्यावर लिहिले आणि विचारलं, आता काय सांगायचं? त्या रबरवाल्या मुलीने उत्तर दिलं, ‘साडेबारा ते पावणेएकच्या मध्ये. नक्की नाही सांगता येत.’ विद्यापीठात हे शिकवायला मला सहा महिने लागतात.

त्या मुलीने रबर का वापरलं ते मात्र मनातून जात नाही. तिला भीती होती की सर मार्क कापतील. आणि सर वाईट नव्हते. त्यांना भीती होती की मुलाने विचारलं तर आपल्याला उत्तर येणार नाही. म्हणून माझा निम्मा वेळ मुलांपेक्षा शिक्षकांबरोबर जातो. एकच गोष्ट करून घेते: ‘मला माहीत नाही, मोजून बघू’ हे वाक्य मोठ्याने म्हणायला लावते. पन्नाशीतले गृहस्थ हे म्हणताना लाजतात, खरंच.

जाता जाता: शून्य सावलीचा दिवस सगळ्यांना आवडतो. मुंबईत तो वर्षातून दोनदा येतो. पहिला मेच्या मध्याला, तेव्हा शाळांना सुट्टी. दुसरा जुलैच्या शेवटी, तेव्हा पाऊस. निसर्गाने मुंबईच्या शिक्षकांवर केलेला हा अन्याय आहे, आणि त्याबद्दल कुणाकडे तक्रार करायची ते मला अजून कळलेलं नाही.

तिसरी पाळी व्याख्यानांची. वसंत व्याख्यानमाला, गणेशोत्सव, ज्येष्ठ नागरिक संघ. इथे सर्वांत मोठी चूक मी स्वतः केली. कोकणातल्या श्रोत्यांसमोर, आणि मुंबईत दर दुसरा श्रोता कोकणातला, मी एक हुकमी किस्सा सांगत असे: हेलियमचा शोध १८६८ च्या ग्रहणात आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लॉकियर साहेबाने लावला. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात, ते त्याचेच. टाळ्या हमखास. आठ वर्षं सांगितलं. पार्ल्यात एकदा कार्यक्रम संपल्यावर तिसऱ्या रांगेतले एक आजोबा वही घेऊन पुढे आले. ‘बाई, छान बोललात. फक्त एक. लॉकियर १८६८ साली विजयदुर्गला आला होता, हे कुठे वाचलंत?’ मी म्हटलं, सगळीकडेच आहे. ‘सगळीकडे म्हणजे कुठे?’

घरी येऊन शोधलं. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रान्सचा जान्सेन होता गुंटूरला. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात निरीक्षकांना पिवळी रेषा दिसली, ती त्यांना सोडियमची वाटली. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याने ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसतानाच, आपल्या उपकरणाने त्या ज्वाळांचा वर्णपट घेतला. पुढे ती रेषा सोडियमच्या जागी बसत नाही हे स्पष्ट झालं आणि नव्या मूलद्रव्याला हेलियम नाव पडलं. पृथ्वीवर ते रॅम्झीला सापडलं १८९५ मध्ये. लॉकियर विजयदुर्गला आला खरा, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे शोधानंतर तीस वर्षांनी. त्याच ग्रहणाला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे नायगमवाला जेऊरला दुर्बिणी घेऊन गेले होते. आपल्या मातीतला, स्वतः उभारलेल्या वेधशाळेचा भारतीय खगोलशास्त्रज्ञ! त्यांचं नाव मी आठ वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं. साहेबाच्या ओट्यांवरच टाळ्या घेत बसले होते.

आता किस्सा खरा सांगते, आधी माझी चूक सांगून. टाळ्या पूर्वीपेक्षा कमी पडतात. प्रश्न मात्र जास्त येतात.

प्रश्नांत साडेसाती असतेच. मी थट्टा करत नाही. माझ्या आजीने १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात आम्हा भावंडांना पडदे ओढून घरात बसवलं होतं, आणि ती काही मूर्ख बाई नव्हती. मी जयंत नारळीकरांनी केलेली चाचणी सांगते: काही कुंडल्या हुशार मुलांच्या, काही बौद्धिकदृष्ट्या अपंग मुलांच्या, ज्योतिष्यांना ४० कुंडल्या देऊन कुठली कुणाची ते सांगायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर आली सुमारे ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आली असती. हे सांगितलं की बहुतेक लोक वाद घालत नाहीत, विचारतात, ‘४० कुंडल्या पुरेशा असतात का?’ हा प्रश्न आला की माझी संध्याकाळ वसूल.

भाषेचंही एक सांगते. मराठीत ‘आकाशगंगा’ आपल्या एकट्या आकाशगंगेलाही म्हणतात आणि कुठल्याही गॅलेक्सीलाही, त्यामुळे ‘कोट्यवधी आकाशगंगा’ म्हटलं की लोक गोंधळतात. मी सर्वसाधारण शब्द ‘दीर्घिका’ वापरते, पण पहिल्यांदा गॅलेक्सी म्हणून घेते, नाहीतर मागच्या रांगेतल्याला पाच मिनिटं कळतच नाही. कृष्णविवर सगळ्यांना कळतं. प्रकाशवर्ष मात्र फसवतं; त्यात ‘वर्ष’ आहे म्हणून निम्म्या लोकांना ते वेळेचं माप वाटतं. परिभाषा शुद्ध हवी, हे मान्य. समोरचा माणूस झोपला नाही, हेही बघायला हवं.

या सगळ्याची किंमत आहे, ती लपवत नाही. एका बढतीच्या मुलाखतीत माझी शिबिरं, शिक्षकांचं प्रशिक्षण, दीडशेच्या आसपास व्याख्यानं, हे सगळं ‘इतर’ या एका ओळीत बसवलेलं होतं. समितीतल्या एकांनी विचारलं, ‘हे केलं नसतं तर किती पेपर जास्त झाले असते?’ मी म्हटलं, तीन-चार. खरं होतं ते. तेव्हा बढती मिळाली नाही, दोन वर्षांनी मिळाली. अशा वेळी लोक नारळीकरांचं उदाहरण देतात: टीआयएफआरमध्ये प्राध्यापक असताना १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने विज्ञानकथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं, म्हणजे दोन्ही जमतं. मला हे उदाहरण थोडं अन्यायाचं वाटतं. तोवर त्यांचं संशोधन जगाला माहीत होतं. ‘इतर’च्या ओळीची त्यांना चिंता नव्हती. पंचविशीतल्या मुलीला ती असते. म्हणून तुमच्या मुलीला माझा सल्ला थोडा कडू आहे: पीएचडी होईपर्यंत वर्षाला दोन-तीनपेक्षा जास्त व्याख्यानं घेऊ नये. शिकवणं मात्र पहिल्या वर्षापासून करावं, कारण एखादी गोष्ट आपल्याला येत नाही हे सर्वांत लवकर तिथे कळतं.

मार्ग आणि पैसा, थोडक्यात. बारावीनंतर चांगल्या कॉलेजात भौतिकशास्त्राची बी.एस्सी., किंवा आयसर (केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था), किंवा कलिन्याचं केंद्र. नंतर एम.एस्सी. आणि जेस्ट, गेट, नेट, टीआयएफआरची स्वतःची परीक्षा, यांपैकी काहीतरी. आधी इंजिनीअरिंग करून येणारेही खूप आहेत, त्यामुळे घरच्यांचा हट्ट असेल तर जगबुडी नाही; अँटेना आणि रिसीव्हर बनवणारी माणसं आम्हाला कायम हवी असतात. फक्त ‘आधी इंजिनीअरिंग, मग बघू’ यातलं ‘मग’ कधी येणार, ते आत्ताच कागदावर लिहून घ्या. पीएचडीला सरकारी फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. पाच ते सहा वर्षं. मग परदेशात किंवा इथे दोन-तीन वर्षांच्या एक-दोन तात्पुरत्या नेमणुका. कायम नोकरी बहुतेकांना तिशीच्या मध्यावर मिळते, आणि सगळ्यांना मिळत नाही. माझ्या बरोबरीच्यांतले कितीतरी जण आज बँकांत आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत डेटाचं काम करतात आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतात. गोंगाटातून ठोका शोधायला शिकलेला माणूस उपाशी राहत नाही. पण लग्न, घर, आईवडिलांचं आजारपण, हे सगळं त्याच अस्थिर दहा वर्षांत येतं, आणि मुलीला ते मुलापेक्षा जास्त विचारलं जातं. माझ्या वडिलांनी त्या काळात नातेवाइकांना ‘ती कामात आहे’ एवढंच उत्तर द्यायचं ठरवलं होतं. तेवढं तुम्ही करू शकता.

ऑलिंपियाडचं विचारलं नाहीत, पण विचाराल. आंतरराष्ट्रीय खगोल ऑलिंपियाड ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईतच झालं, साठाहून अधिक देशांची मुलं आली होती. आपल्याकडे पहिली पायरी नोव्हेंबरची परीक्षा. द्यायला सांगा, निवड झाली नाही तर विसरायला सांगा. मी स्वतः कधी पहिल्या पायरीच्या पुढे गेले नसते.

आणि तिला खरंच आवडतं का, हे तिला विचारून कळणार नाही. या वयात सगळ्यांनाच कृष्णविवरं आवडतात. येत्या २२ डिसेंबरला गच्चीवर मीटरभर काठी उभी करायला सांगा, साडेअकरा ते पावणेदोन, दर पाच मिनिटांनी. ओळंबा लावायला विसरू नका, काठी दोन अंश कलली तरी सावली साडेतीनेक सेंटिमीटरने चुकू शकते. पेनने लिहू दे, पेन्सिलने नको. तासाभराने ऊन लागलं, कंटाळा आला, तरी ती तिथेच बसून राहिली आणि सहा गटांसारखं स्वतःशीच भांडायला लागली, तर तक्ता मला पाठवा. खाडाखोड असली तरी चालेल, खालचा आकडा वाचता आला पाहिजे.